वांग्यातल्या अळीस खुले पत्र

टाकवे बुद्रुक, आंदर मावळ

श्रीमती शेंडे व फळ पोखरणारी अळी यांस,
सा. न. वि. वि.

आपलं हे लांबलचक नाव कृषी खात्याच्या पत्रकातून उचललं आहे. आमच्याकडे आपल्याला नुसतं ‘किडा’ म्हणतात, पण कामाचं पत्र असलं की पूर्ण नाव घालावं.

पत्रास कारण की, परवाच्या रविवारी बाजारात आपला विषय निघाला. एक ताई आल्या. म्हणाल्या, “दादा, औषध मारलंय का?” म्हटलं, “नाही ताई. निंबोळी अर्क आणि दशपर्णी, बस.” ताई म्हणाल्या, “म्हणजे मारलंयच की!” मग मी कडुनिंबाची बाजू मांडली. ती त्यांना पटली. त्यांच्या आईकडे परसात होता म्हणे. एवढं झाल्यावर त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि एकेक वांगं हातात घेऊन, फिरवून, दाबून, देठाची टोपी उचलून पाहायला सुरुवात केली. भोक दिसलं की वांगं बाजूला. पाऊण तासात माझ्यासमोर दोन ढीग झाले, त्यातला मोठा कोणता ते आपल्याला ठाऊकच आहे. शेवटी अर्धा किलो घेतली, समोरच्याकडे दहा रुपयांनी स्वस्त आहेत हे सांगून झालं आणि वर कोथिंबिरीची काडी.

आता खरं काय ते आपल्या दोघांनाच माहीत. आपल्या मातोश्री रात्रीच्या येऊन पानाच्या खालच्या अंगाला एकेक अंडं ठेवून जातात. आपण बाहेर पडता, कोवळ्या शेंड्यात शिरता, शेंडा मान टाकतो. फळ धरलं की देठाजवळून आत जाता आणि आल्या वाटेचं दार स्वतःच्याच विष्ठेने लिंपून घेता. ते दार मला चष्मा लावूनही दिसत नाही. बाहेरून जे भोक दिसतं ते आपण पोटभर जेवून, कोषात जायला निघून गेल्याचं. म्हणजे ताईंनी नाकारलेल्या ढिगातल्या बऱ्याच वांग्यांतून आपण घर सोडलेलं होतं, आणि पारखून नेलेल्या त्या गुळगुळीत अर्ध्या किलोत एखादं बिऱ्हाड असेलच. मी हे बाजारात बोललो नाही. धंदा आहे.

आपला मान मोठा आहे हे मी नाकारत नाही. जालन्याच्या महिको कंपनीने खास आपल्याला डोळ्यांसमोर ठेवून बीटी वांगं केलं. २००९ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या समितीने ते मंजूरही केलं. पण पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूर धरून सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्याला स्थगिती दिली. एका वांग्यासाठी सात शहरं! आमच्या भावासाठी एका तरी शहरात कुणी मांडव घातला असता तर मी स्वखर्चाने आलो असतो. (बांगलादेशाने २०१३ मध्ये त्या वांग्याला परवानगी दिली. तिकडचे आपले नातेवाईक कसे आहेत ते कळवावे.)

मी फवारा का मारत नाही, असं आपण विचाराल. मारत होतो. आठवड्याला एक, मग दोन, तरी आपण आत आणि औषध सालीवर. ते सालीवरचं मग गिऱ्हाइकाच्या रश्श्यात. आता मी आणि आमची मंडळी दर तिसऱ्या दिवशी सुकलेले शेंडे आपल्यासकट खुडतो आणि लांब नेऊन पुरतो. मजूर मिळत नाही, कारण टाकव्यातली तरणी पोरं कंपनीच्या गाडीची वाट बघत नाक्यावर उभी असतात. वांग्यावर वांगं घेत नाही. भात निघालं की शेतातल्या ओलीवर हरभरा, मसूर, आणि वांगी विहिरीजवळच्या तुकड्यात, दरसाल जागा बदलून. भाताची गोष्ट वेगळी. वडगावच्या संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी आम्ही पिकवतो, त्यालाही खोडकिडा लागतो, पण तांदूळ घेताना कुणी दाणा उलटून बघत नाही.

सरकारने २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, अडतही शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. सावता महाराजांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारही भरू लागले. मधला माणूस गेला याचा मला आनंद आहे. फक्त तो असताना दोन क्रेट वांगी पाच मिनिटांत खपायची आणि भोकांबद्दलच्या शिव्या त्याला बसायच्या, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

सेंद्रियचा दाखला काढावा, तर हंगामी पिकाला दोन वर्षांचा रूपांतर काळ. तोवर पिकवायचं सेंद्रिय आणि विकायचं साध्या भावाने. म्हणून विचार करतो, आपणच तपासनीस का होत नाही? शिक्का आपल्याकडे तयार आहे, गोल आहे, फी काही नाही. विषारी वांग्यावर तो उठत नाही, असं पूर्वी मीही छातीठोक सांगायचो. पण आठवड्याला दोन फवारे घेतलेल्या वांग्यातूनही आपण हसतमुख निघालेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणजे आपली साक्षही कोर्टात टिकायची नाही. राहू दे.

एक विनंती मात्र आहे. गिऱ्हाईक चातुर्मास पाळतं. कांदेनवमीला भरीत खाऊन जे वांगं सोडतं ते चंपाषष्ठीपर्यंत. त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडगा असतो आणि वर्षात एकदाच माझ्या वांग्याला कुणी भाव विचारत नाही, नुसतं तागडीत टाका म्हणतं. ती षष्ठी गाठायची म्हणून गणपती उठले की रोप लावतो. आपण चातुर्मास पाळत नाही, हा आपला धर्म. पण निदान षष्ठीचा आदला आठवडा एकभुक्त राहता आलं तर पाहावं.

कळावे, लोभ आहेच, तो जरा कमी व्हावा.

आपला,
टाकव्याचा एक वांगीवाला

ता. क. – बांधाच्या आत कामगंध सापळे टांगले आहेत. त्यातला वास कारखान्यात केलेला आहे, तिथे मुलगी वगैरे कुणी नाही. खाली पाणी आहे. आपल्याकडच्या लग्नाच्या वयाच्या पतंगांना हे सांगायचं की नाही, ते आपण ठरवा. मी सांगणार नाही.