कुलमुखत्यार भाचा

कोणतेही सार्वजनिक कार्य हाती घ्यावयाचे म्हटले, की कार्याच्या आधी समिती, समितीच्या आधी अध्यक्षपदाचा वाद आणि वादाच्याही आधी चहा, हा आपल्याकडचा शिरस्ता इतका पक्का झालेला आहे की, आमच्या तालुक्याच्या गावी स्थानिक बातम्यांचे एक संकेतस्थळ निघावे अशी इच्छा काही उत्साही गृहस्थांना झाली, तेव्हाही त्यात तिळमात्र अंतर पडले नाही. बातम्या कोणी आणावयाच्या, हा विषय समितीच्या विषयपत्रिकेवर पाचवा होता. त्या कोणत्या प्रणालीत भरावयाच्या, हा पहिला होता. आणि या पहिल्या विषयाचीच व्याप्ती अशी निघाली की, ज्या खड्ड्यांची पहिली बातमी व्हावयाची, ते पावसाळा संपून मुरुमाने बुजविले गेले तरी चर्चा चालूच राहिली.

उमेदवार प्रणालींची कुळकथा मांडण्याचे काम तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या एका अव्वल कारकुनांकडे होते, आणि त्यांनी ती सातबाराच्या धर्तीवर मूळ मालक, वारस व बोजा अशा रकान्यांत सादर केली. वर्डप्रेसच्या उताऱ्यात असे निघाले की, बी-टू नावाची एक प्रणाली तिच्या कर्त्याने वाऱ्यावर सोडल्यानंतर मॅट मुलनवेग हा एकोणीस वर्षांचा अमेरिकन तरुण आणि इंग्लंडमधील माइक लिटल यांनी ती २००३ साली नव्या नावाने पुढे चालविली. मोल काही पडत नाही, आणि जगातील दर दहा संकेतस्थळांपैकी चारांहून अधिक आज तिच्याच आश्रयाला आहेत. जूमलाच्या उताऱ्यात, मॅम्बो नामक मूळ घराण्यात हक्कांवरून तंटा होऊन २००५ साली प्रत्यक्ष राबणारी मंडळी विभक्त झाली, अशी नोंद होती. ही हकिकत ऐकताच सभासदांना त्या प्रणालीविषयी एकाएकी आपलेपणा वाटू लागला, कारण गावातील बहुतेक सहकारी संस्थांचा जन्म याच रीतीने झालेला आहे. बेल्जियमच्या ड्रीस बायटार्टने २००१ साली जगापुढे ठेवलेली द्रुपल ही खरी भारदस्त, परंतु तिची सातवी आवृत्ती २०११ च्या जानेवारीत येऊन २०२५ च्या जानेवारीत सेवानिवृत्त झाली आणि सातवीतून पुढे जावयाचे तर सारे बांधकाम नव्याने करावे लागते, असे समजल्यावर पतसंस्थेचे व्यवस्थापक म्हणाले, "चौदा वर्षे वनवास, आणि परत आल्यावर अयोध्याही आपणच बांधायची!" द्रुपलचा अर्ज त्या वाक्यावरच निकालात निघाला.

या साऱ्या कैफियतीत एकच नोंद खरोखर विषयाला धरून होती, आणि म्हणूनच तिच्यावर सर्वांत कमी वेळ खर्च झाला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे शहर आहे. तेथील 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या स्थानिक दैनिकाच्या कचेरीत एड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन या प्रोग्रामरांनी २००३ च्या सुमारास बातम्यांच्या घाईला पुरे पडेल असे एक साधन तयार केले, २००५ साली ते सर्वांना खुले झाले, आणि जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे नाव लाभलेले ते जँगो आज बातमीशी काडीचाही संबंध नसलेल्या कंपन्या वापरीत आहेत. लॉरेन्सच्या वर्तमानपत्राने प्रोग्रामर पगारावर ठेवले होते, हे या कथेचे मर्म कोणाच्याही ध्यानात यावे. परंतु आमच्या समितीने तीतून एवढाच बोध घेतला की, आपणही आपली प्रणाली स्वतःच बनवावी, आणि ती इंजिनिअरिंग कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून, अनुभवाच्या प्रमाणपत्राच्या मोबदल्यात, करवून घ्यावी. पगार हा शब्द कोणी उच्चारला नाही. एका वयोवृद्ध शिक्षकांनी मध्येच उठून, मुकुंदराव पाटलांनी १९१० साली सुरू केलेले 'दीनमित्र' तरवडीसारख्या खेड्यातून दशकानुदशके चालविले, आणि ते चालले ते खेड्यापाड्यांतील रयतेची गाऱ्हाणी त्यात छापली जात म्हणून, असे सांगण्याचा प्रयत्न केला. इतिवृत्तात त्याची नोंद 'विषयाशी असंबद्ध' अशी झाली आहे.

समितीच्या बुद्धीला खरे तेज चढले ते अधिकारवाटपाच्या वेळी. वर्डप्रेसमध्ये साधारणतः पाच दर्जे असतात: ॲडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, कॉन्ट्रिब्यूटर आणि सबस्क्रायबर, त्यांपैकी कॉन्ट्रिब्यूटरला लिहिता येते पण प्रसिद्ध करता येत नाही, एडिटरला सर्वांचे लेखन सुधारता येते, आणि ॲडमिनिस्ट्रेटरला वाटेल ते करता येते. ही माहिती मिळताच, ज्यांनी आयुष्यात चार ओळींचे पत्रकही दुसऱ्याकडून लिहवून घेतले, त्यांनादेखील आपण कॉन्ट्रिब्यूटर होणे हा आपल्या घराण्याचा अवमान वाटू लागला. उपाध्यक्षांनी तर अशी पृच्छा केली की, ॲडमिनिस्ट्रेटर एकाहून अधिक नेमता येतात काय. आणि हवे तितके नेमता येतात हे उत्तर मिळताक्षणी गेले तीन महिने अडून राहिलेला प्रश्न सुटला, स्वतःची प्रणाली बनविण्याचा बोध मागे पडला, वर्डप्रेस एकमताने मंजूर झाली, आणि समितीतील यच्चयावत सभासद ॲडमिनिस्ट्रेटर झाले. एक ॲडमिनिस्ट्रेटर दुसऱ्याला समूळ काढून टाकू शकतो, ही बाब पुढल्याच आठवड्यात समितीतील दोन्ही गटांनी स्वतंत्रपणे शोधून काढली. शिक्षकांना मात्र सबस्क्रायबर करण्यात आले.

उद्घाटनाच्या बातमीने जो प्रसंग ओढवला, तो जसाच्या तसा नमूद करणे आवश्यक आहे. शीर्षक अर्थातच 'माननीय लोकप्रिय कार्यसम्राट' या शब्दांनी सुरू होत होते आणि आमदारसाहेबांचे नाव त्यानंतर येत होते. शीर्षकावरूनच पानाचा पत्ता तयार होतो. त्या पत्त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, काना-वेलांटीला आणि हलन्तालाही नऊ रोमन चिन्हांचे रूप घ्यावे लागते, आणि प्रणाली पत्त्याला दोनशे चिन्हांपलीकडे जागा देत नाही. सबब तो पत्ता 'माननीय-लोकप्रिय-कार्यसम्' येथे बरोबर दोनशे चिन्हांवर तुटला. नाव तर दूरच, साहेबांचे साम्राज्यही 'सम्'वर संपले. ही दुवा-ओळ व्हॉट्सॲपवर फिरू लागताच कार्यकर्ते जाब विचारावयास आले, आणि हे विरोधी गटाचे कारस्थान नसून गणित आहे, ही गोष्ट त्यांना अखेरपर्यंत पटली नाही. माझे स्वतःचे मत असे की, विशेषणांवर इतकी निःपक्षपाती कात्री चालविणारा संपादक या जिल्ह्याने पूर्वी पाहिलेला नव्हता.

आता हे सारे जुळवून आणणाऱ्या व्यक्तीविषयी. प्रणाली समितीने निवडली असे इतिवृत्त सांगते. वस्तुतः ती अध्यक्षांच्या भाच्याने निवडली होती, कारण त्याला वर्डप्रेस येत होते आणि दुसरे काही येत नव्हते. एका मंगल कार्यालयाचे आणि एका शिकवणी वर्गाचे संकेतस्थळ त्याने केलेले होते, तीच थीम रंग बदलून आमच्या बातम्यांना चढविली, आणि त्यामुळे निधनवार्तेच्या खाली कित्येक दिवस 'तारखा त्वरित आरक्षित करा' असे झळकत राहिले. परंतु मुलगा कामसू होता. स्थानिक साप्ताहिकाचे जुने अंक, ज्यांतला मजकूर जुन्या फाँटात असल्यामुळे संकेतस्थळावर चिकटविताच रोमन अक्षरांची नुसती खिचडी दिसे, ते त्याने रात्री जागून युनिकोडमध्ये आणले. प्लगइन वेळच्या वेळी अद्ययावत केले. आणि या सर्वांबद्दल त्याला मोबदला म्हणून अध्यक्षांच्या हस्ते शाल व श्रीफळ मिळाले. डोमेनची नोंदणी त्याच्याच ईमेलवर, होस्टिंगचे बिल त्याच्याच कार्डावर आणि प्रत्येक ओटीपी त्याच्याच मोबाइलवर, अशी ही बिनकागदी, बिनमुदतीची कुलमुखत्यारी होती, आणि तिच्यात गैर आहे असे खजिनदारांनादेखील वाटले नाही, कारण तिच्यापायी एक पैही खर्ची पडत नव्हती.

पुढे भाच्याला पुण्यास हिंजवडीत नोकरी लागली, नंबर बदलला, आणि मामा-भाच्यांत जमिनीच्या वाटपावरून, म्हणजे अगदी वेगळ्या खात्याच्या कारणावरून, बोलणे बंद झाले. वर्ष भरले, डोमेनची मुदत संपली, आणि गावच्या बातम्यांच्या जागी पत्ता विक्रीस असल्याची इंग्रजी पाटी आली. तातडीच्या सभेत काही तरुण सभासदांनी वर्डप्रेसवर सडकून टीका केली, जूमलावाल्यांनी आम्ही आधीच सांगितले होते असे सुनावले, आणि एकाने तर 'घोस्ट' नावाच्या नव्या प्रणालीची शिफारसही आणली. परंतु अव्वल कारकुनांनी बोजाच्या रकान्यावर बोट ठेवून, खरा बोजा प्रणालीचा नसून भाच्याचा आहे, हे दाखविल्यावर सभा भानावर आली. आता नवी उपसमिती नेमलेली आहे, आणि तिच्याकडे प्रणालीचा विषयच ठेवलेला नाही. वर्डप्रेस येणारा, वडिलोपार्जित दुकान असल्यामुळे गाव सोडण्याचा संभव नसलेला आणि मामाशी दावा नसलेला भाचा कोणाकडे आहे, याची घरोघर चौकशी करून तिने एका महिन्यात अहवाल द्यावयाचा आहे. पगारी माणूस ठेवण्याची सूचना शिक्षकांनी लेखी पाठविली होती, ती सबस्क्रायबरला सूचना मांडण्याचा अधिकार नाही या मुद्द्यावर दफ्तरी दाखल करण्यात आली.