रामघाट : 20 मिनिटे

वाट वाकडी करायला लावणारा पहिला सहल-संयोजक म्हणजे कालिदासाचा यक्ष. रामगिरीहून, म्हणजे बहुधा आपल्या रामटेकहून, हिमालयातल्या अलकेला निरोप धाडायचा. तिकडे बायको विरहाने वाळत चाललेली. आणि हा ढगाला सांगतो की उज्जयिनी तुझ्या वाटेवर नाही, पण तेवढी वाट वाकडी करच. बरं, नुसतं डोकावून पुढे जा, असंही नाही. महाकालाला लवकर पोचलास तर सूर्य मावळेपर्यंत थांब, आरतीला गर्जना कर, आणि रात्री पारवे झोपलेले असतील अशी एखादी गच्ची बघून मुक्काम कर. त्या बाईला हा कार्यक्रम कळला असता तर तिने काय म्हटलं असतं, हे कालिदासाने लिहिलेलं नाही.

आमच्या नानाकाकांनी मेघदूत वाचलेलं नाही. त्यांनी टूरवाल्याचं पत्रक वाचलं होतं. सकाळी इंदूरहून प्रस्थान, महाकाल, हरसिद्धी, कालभैरव, गढकालिका, मंगलनाथ, सांदीपनी आश्रम, वेधशाळा, रामघाट (20 मिनिटे), रात्री ओंकारेश्वर. उज्जैनचा राजा महाकाल, म्हणून दुसऱ्या कुठल्याही राजाने इथे रात्र काढायची नाही, अशी जुनी समजूत आहे. टूरवाल्यांनी हा राजेशाही मान सरसकट सगळ्या प्रवाशांना देऊन टाकला आहे.

खरं तर घाई करायला याहून चुकीचं गाव सापडणार नाही. देव महाकाल. जुन्या भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा याच गावावरून जायची; ग्रिनिचचं नावही कोणाला ठाऊक नव्हतं तेव्हा पंचांगं इथल्या वेळेवर चालत. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात वेधशाळा बांधली तीही इथे. तिच्या शेजारी 2024च्या 29 फेब्रुवारीला एका वैदिक घड्याळाचं उद्घाटन झालं. त्यात एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत तीस मुहूर्त, म्हणजे 48-48 मिनिटांचे तीस तास. दिवसाला सहा तास जादा! टूरवाल्यांच्या हे अजून लक्षात आलेलं नाही, नाहीतर पत्रकात आणखी चार देवळं आली असती. सांदीपनींच्या आश्रमात श्रीकृष्ण चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकला म्हणतात. दिवसाला एक. हा देवाचा वेग. आमच्या गाडीची चार ठिकाणं जेवणाआधी उरकायची होती.

हरसिद्धीच्या दोन उंच दीपमाळा बघून झाल्यावर मी जाहीर केलं की मी आता रामघाटावर जाऊन बसतो, तुम्ही बाकीचं करून या.

“पैसे परत मिळणार नाहीत,” नाना म्हणाले.

“बरं वाटत नाहीये का?” काकूंनी विचारलं आणि पर्समध्ये ओआरएस शोधू लागल्या.

मला उत्तम वाटत होतं. माझी पुतणी हल्ली माइंडफुलनेस शिकते. तिने निघताना बजावलं होतं : एका जागी बस, श्वासाकडे लक्ष दे, काही करू नकोस. ही मुलगी कधी तीर्थाच्या घाटावर गेलेली नाही. घाटावर काहीही न करणारा माणूस म्हणजे सार्वजनिक काळजीचा विषय. पहिल्या श्वासाला नाववाला आला. दुसऱ्याला गंधवाली पोरगी. नको म्हणेपर्यंत कपाळावर त्रिपुंड्र उमटलंसुद्धा. तिसऱ्याला छत्रीखालचे पुरोहित.

“कोणाचं करायचंय?” त्यांनी मराठीतच विचारलं.

“कोणाचंच नाही.”

“वडील?”

“ठणठणीत आहेत.”

“मग कालसर्प असेल. नाही? मंगळ?” मी मान हलवत राहिलो. “मग बसलात कशाला?”

“असाच बसलोय.”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि शेजारी बसत म्हणाले, “घरी भांडण झालं.” हा प्रश्न नव्हता.

समोरच्या काठावर दत्त आखाडा. सिंहस्थात तिकडे शैव आखाड्यांची स्नानं, इकडे वैष्णवांची. एरवी तिकडे म्हशी आणि इकडे आम्ही. खालच्या पायरीवर एक दहाएक वर्षांचा पोरगा दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडत होता. लाऊडस्पीकरच्या तुटक्या डब्यातलं चुंबक, चपातीएवढं. बाहेर काढलं की त्याला दोनतीन नाणी आणि एखादा खिळा चिकटलेला. मी एवढा वेळ टक लावून पाहतोय म्हटल्यावर त्याने मला धंद्याचं मर्म सांगितलं : एक-दोनचे चिकटतात, “दस का नहीं चिपकता.” म्हणजे नदीला सढळ हाताने दहाचं नाणं वाहणाऱ्याचं पुण्य तळाशी सुरक्षित राहतं आणि चिक्कू भाविकाचं दुपारपर्यंत कचोरीत खर्च होतं.

“क्षिप्रेला पाणी बरं आहे,” मी पुरोहितांना म्हणालो.

“क्षिप्राजी कुठली? नर्मदाजी म्हणा.” 2014 साली नर्मदेचं पाणी ओंकारेश्वराकडून पंपांनी वर चढवून क्षिप्रेच्या उगमापाशी आणून सोडलं. 2016च्या सिंहस्थात साधूंनी क्षिप्रेत डुबकी मारली ती नर्मदेतच लागली. म्हणजे वाट वाकडी करून उज्जैनला येण्यात नदीनेही कमीपणा मानला नाही. तिला मात्र विजेचं बिल येतं.

इतक्यात नाना हजर. “पाच ठिकाणं झाली. वीस मिनिटं. हातपाय धुवा, चला.” मी त्यांना नर्मदेची गोष्ट सांगितली. “असं कसं? नर्मदा रात्री आहे,” ते म्हणाले.

“गाव कोणतं आपलं?” पुरोहितांनी सहज विचारलं, आणि नानांनी सवयीने सांगून टाकलं. गाव, तालुका, आडनाव, गोत्र. पुरोहित उठले, लाल फडक्यात बांधलेलं बाड घेऊन आले. 1810 साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, पण त्याआधी इथे कैक वर्षं मराठी कारभार होता. महाकालाचं आजचं देऊळ राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी उभारलेलं. मराठी यजमान या घाटाला नवे नाहीत. लांबुळकी पानं उलटत बोट एका ओळीवर थांबलं. नानांचे पणजोबा. खाली त्यांची स्वतःची सही, ‘द’ला लांबलचक शेपूट. नानांच्या ‘द’ला हुबेहूब तीच शेपटी आहे.

नाना पायरीवर बसले.

पुढचं पान 2004च्या सिंहस्थातलं. नोंद केली होती चुलत्यांच्या विनायकाने. गावच्या विहिरीवरून त्याच्याशी बोलणं बंद झाल्याला आता एक पिढी झाली. त्याने आपली मुलं, सुना, जावई, थोरल्या नातवाचं टोपणनावसुद्धा लिहवून घेतलं होतं. नानांच्या वडिलांच्या नावापुढे नुसती आडवी रेघ.

“म्हणजे आमचा वंश इथेच संपला?” नानांचा आवाज चढला. “लिहा. पहिल्यापासून लिहा. आणि विहीर सामायिक आहे, तेही लिहा.”

“विहीर नाही लिहीत आम्ही.”

वर रस्त्यावर ड्रायव्हरने हॉर्न दिला, मग जरा लांब हॉर्न दिला. ओंकारेश्वर दीडशे किलोमीटरच्या घरात, काकू खांद्याला पर्स लावून तयार. म्हणाल्या, “अहो, तिकडे नर्मदा...”

“नर्मदा इथे आलीय,” नाना वहीतून मान न काढता म्हणाले.

पुरोहितांनी पेन झटकलं. “मुलगे किती? का मुलीही लिहायच्या?”

काकूंनी पर्स खाली ठेवली. “आधी मुलींची लिहा. आणि सरका जरा, यांचं शुद्धलेखन भयंकर आहे.”