एक गृहस्थ होते

साताऱ्याची मुलगी आणि सांगलीचा मुलगा म्हटलं की पूर्वी लग्न कऱ्हाडला व्हायचं. मधोमध कार्यालय घेतलं की दोन्हीकडच्या वऱ्हाडाला अंतर सारखं, कुणाचे कुणावर उपकार नाहीत. माझ्या भाचीचं लग्न फुकेतला ठरलं. “अंतर तिथंही दोघांना सारखंच पडतं,” असं मुलाचे वडील म्हणाले आणि वादच मिटला. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम सोडून बोहलं अंदमान समुद्राच्या काठी गेलं. पत्रिका व्हॉट्सअॅपवर आली. तिच्या तळाशी ‘आपले नम्र’च्या जागी एक ओळ होती : ‘प्रवासाच्या माहितीसाठी तात्यांना विचारावे.’

तात्या म्हणजे मुलाचे थोरले चुलते. पण हे नातं झालं. तात्या ही खरं तर जात आहे, आणि ती आता गावोगाव निपजू लागली आहे. पूर्वी काशी करून आलेल्या माणसाला गाडग्यातल्या गंगेइतका मान असे, तसा आता परदेशातलं एक लग्न खाऊन आलेल्याला आहे. तात्यांनी आयुष्यात एकच परदेश पाहिला, तोही चार दिवस. पण तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात ‘आमच्या तिकडं’ येतं, आणि ते तिकडं म्हणजे हरिपूर नव्हे.

सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत. सौदे आटोपले की गादीवर दरबार भरतो. खतावणीशेजारी पासपोर्ट ठेवलेला असतो, दिसेल असा. मी गेलो तेव्हा कऱ्हाडचं एक जोडपं सल्ला घेऊन उठतच होतं.

“बसा पावनं,” तात्या म्हणाले. “पासपोर्ट काढलाय न्हवं? मुदत बगा. आज चालू हाय म्हणून भागत न्हाई. सहा महिने शिल्लक पायजेत. एक गृहस्थ होते, त्यांची दोनच महिन्यांची राहिली होती. पळावं लागलं पुण्याला, मुंढव्याच्या केंद्रात.”

हे गृहस्थ कोण, हे तात्यांनी कधीच सांगितलं नाही. पण पुढच्या तासाभरात त्या गृहस्थांवर जे जे प्रसंग गुदरले, ते ऐकून एकाच माणसाच्या नशिबी इतकं असू शकतं यावर विश्वास बसेना. त्यांनी पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकली आणि बॅग परत उघडावी लागली, कारण ती हातातल्याच सामानात न्यायची असते. मग हातातल्या पिशवीतून लोणच्याची बरणी नेऊ लागले, तर तिथं 100 मिलीच्या वर पातळ काही चालत नाही. वजनाला 20 किलोची मर्यादा होती, म्हणून गृहस्थांनी बॅग यार्डातल्या काट्यावर मोजून घेतली. काट्याला पोत्यांची सवय. विमानतळावर सहा किलो जादा भरली. शेवटी गृहस्थ अंगात दोन सदरे, त्यावर जाकीट आणि वर कोट घालून विमानात बसले.

“मे महिन्यात?” मी विचारलं.

“मे महिन्यात,” तात्यांनी कपाळ पुसलं.

नावांवर मात्र ते मनापासून बोलले, आणि इथं त्यांचा अधिकार मान्यच करायला हवा. आपल्याकडं माणसाला घरी एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. बाईला माहेरचं एक, सासरचं एक, शिवाय सगळ्या भाऊबंदकीत ती बेबीताई. तिकिटं काढणाऱ्या पोरानं फोनमधली नावं बघून यादी पाठवली तर विमानात चढायला येतात बाळासाहेब, आप्पा आणि बेबीताई. पासपोर्ट असतात भलत्याच तिघांचे. “पासपोर्टवर जसं हाय तसं, अक्षराला अक्षर,” तात्यांनी गादीवर बोट आपटलं. थायलंडसाठी 1 मे 2025 पासून डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं, ते पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, आणि फुकट. “पैसे मागणारी साइट दिसली तर ती लबाड समजा. एक गृहस्थ...” इथं ते थांबले. आकडा बहुतेक मोठा असावा.

निघताना म्हणाले, “आणि खोबरं नगं. वाटी तेलकट, पेट घेती म्हणून बॅगेत चालत न्हाई.”

घरी येऊन मी सगळं पाळलं. ओटीच्या सामानातून खोबऱ्याची वाटी स्वतः काढून ठेवली. हळकुंडं, सुपारी, खारीक, बदाम राहू दिले. कंदी पेढे हातात घेतले, भडंग बॅगेत कोंबली. पण आमच्या आत्याला खोबऱ्याविना ओटी म्हणजे कुंकवाविना कपाळ. मुंबईला बॅगा आत गेल्या आणि माझ्या नावाचा पुकारा झाला. नवरीचा मामा, ज्यानं भाचीला बोहल्यावर आणायचं, तो आतल्या खोलीत, एका जवानासमोर गुडघ्यांवर बसून, बायकोच्या पैठणीच्या घडीतून सहा वाट्या काढत होता.

लग्न छान झालं. मुहूर्त 12 वाजून 10 मिनिटांचा. तिथलं घड्याळ आपल्यापुढं दीड तास, म्हणून हा वेळ कुठला धरायचा यावर भटजी आणि तिथला व्यवस्थापक यांची जुंपली. व्यवस्थापकानं तिथल्या घड्याळानं धरला. मग नवरदेवाचा फेटा सापडेना, करवली आरशापुढून हलेना, फोटोवाल्याला ऊन नको होतं. अक्षता पडल्या एक चाळीसला, म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणे अगदी मिनिटावर. तात्या सगळ्यांना सांगत होते की हे त्यांनीच जमवून आणलं.

“काय पावनं, प्रवासात काही अडचण?” त्यांनी मला विचारलं.

“छे,” मी म्हणालो.

परत आल्यावर महिनाभरानं शाहूपुरीतले शेजारी आले. त्यांच्या पुतण्याचं लग्न बालीला ठरलंय. मी त्यांना बसवलं, चहा सांगितला, कपाटातून पासपोर्ट काढून टीपॉयवर ठेवला.

“सगळं न्या,” मी म्हणालो, “फक्त खोबरं नको. आमच्या साताऱ्याचे एक गृहस्थ होते...”

आत स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बहुधा आत्या असावी.