पुष्पगुच्छाची वॉरंटी

शाल कपाटात जाते, श्रीफळाची चटणी होते; सत्कार झाल्याचा चारचौघांना दिसेल असा पुरावा उरतो तो फक्त पुष्पगुच्छ. तो तिसऱ्या दिवशी माना टाकतो. प्रस्तुत लेखकाच्या मते यात निसर्गाचा दोष नाही, व्यवस्थापनाचा आहे. चाकणच्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात ज्याची हयात गेली तो माणूस दुसरं काय म्हणणार? सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीबद्दल त्याचा सत्कार झाला आणि घरी पोचताच चिंचवडच्या त्या दिवाणखान्यात वॉरंटी वाढवण्याचं काम सुरू झालं.

गुच्छ सोडला की आधी राग येतो तो वक्त्यांचा. जरबेराच्या मानेला तार, दांडे ओल्या स्पंजात खुपसलेले, वरून चकचकीत कागद; अशा अवस्थेत ही फुलं टेबलावर आडवी पडून अध्यक्षांचे ‘दोन शब्द’ पाऊण तास ऐकतात. कापलेल्या दांड्याला हवा लागली की पाणी वर ओढणाऱ्या नळ्यांत बुडबुडा अडकतो. मग फुलदाणी काठोकाठ भरा, फूल तहानलेलंच राहतं. म्हणून दांड्याचं टोक पाण्याखाली धरून दोनेक सेंटीमीटर तिरकं कापायचं, तेही धारदार सुरीनं. बोथट कात्रीनं दांडा चेचतो. पाण्यात बुडणारी पानं काढायची. जरबेराला चार बोटं पाणी पुरे, त्याचा लवदार दांडा जास्त बुडला की कुजतो.

पण खरी गोम जिवाणूंची. भोसरीच्या मशीनवाल्यांना हे सांगायला नको. गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीनंतर शुक्रवारी पहिल्या पाळीला कूलंटच्या टाकीतून सडक्या अंड्यांसारखा जो वास येतो, तो थांबून राहिलेल्या पाण्यात वाढलेल्या जिवाणूंचा. फुलदाणीतही तोच प्रकार. इथे ते दांड्याच्या नळ्यांची तोंडं बुजवतात. नुसती साखर घालणारे लोक फुलाला कमी आणि जिवाणूंनाच जास्त जेवू घालतात. लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा साखर, दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि पाव छोटा चमचा घरगुती ब्लीच, असं त्रिकूट लागतं: साखर खायला, आंबटपणा पाणी चढायला, ब्लीच जिवाणूंना आवरायला. ब्लीच आणि लिंबू थेट एकत्र मात्र करायचे नाहीत, विषारी वायू निघतो. दोन्ही वेगवेगळे पाण्यात घालायचे. लेखकाच्या पत्नीनं भांड्यात डोकावून “मीठ राहिलं का?” एवढंच विचारलं. पाणी एक दिवसाआड बदलावं म्हणतात. पिंपरी-चिंचवडकरांची इथे सोय आहे. २०१९ च्या नोव्हेंबरपासून शहरात पाणीच दिवसाआड येतं.

फुलदाणीशेजारी आंब्याची पेटी ठेवू नये. पिकत्या फळातून इथिलीन वायू सुटतो. १९०८ साली क्रोकर आणि नाइट या दोघांनी शिकागोत दाखवलं, की हरितगृहातले कार्नेशन अवेळी मिटतात ते दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीनमुळे. जरबेराला त्याचं फारसं काही वाटत नाही, पण लेखकानं पेटी तरीही गॅलरीत हलवली. सत्काराच्या बाबतीत धोका कोण पत्करणार?

आता मावळातल्या गुलाबाबद्दल बोलायलाच हवं, कारण लेखकाचा त्याच्यावर जुना जळफळाट आहे. पवना धरणाच्या परिसरात आणि तळेगावच्या एमआयडीसीतल्या फ्लोरिकल्चर पार्कमध्ये ‘टॉप सीक्रेट’सारखे डच गुलाब पॉलिहाऊसमध्ये वाढतात. चौदा फेब्रुवारीचा हिशेब डिसेंबरातच मांडलेला असतो. कळी अर्धवट मिटलेली असतानाच खुडतात, दांडा लगेच बादलीतल्या पाण्यात. मग लांबीप्रमाणे प्रतवारी, वीस-वीस फुलांच्या गड्ड्या, पाकळीला धक्का नको म्हणून कागदाचं वेष्टण आणि दोन ते चार अंशांच्या शीतगृहात मुक्काम. पुढचा प्रवास वातानुकूलित गाडीनं, तिथून विमानानं परदेशात. याच तळेगाव-चाकण रस्त्यावर कंपनीच्या बसमध्ये, कंटेनरच्या मागे, मे महिन्यात लेखकानं उमेदीची वर्षं काढली. त्याला कोणी कागदात गुंडाळलं नाही. प्रतवारी तेवढी दर एप्रिलला व्हायची, आणि त्याची गड्डी कायम मधलीच निघायची.

पण या गुलाबाचा हेवा वाटू नये अशीही वेळ येऊन गेली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. लग्नं, फुलबाजार, विमानं एका फटक्यात थांबली. झाडाला टाळेबंदी कळत नाही. ते फुलतच राहतं आणि फुलं काढली नाहीत तर बिघडतं. मावळातल्या शेतकऱ्यांनी मजुरी खर्चून गुलाब खुडले आणि उकिरड्यावर टाकले. शीतगृह होतं, फूल टिकवण्याची सगळी विद्या हाताशी होती, कर्जाचे हप्तेही होते. घेणारा तेवढा नव्हता. त्या दिवसांत बातम्यांमध्ये दिसणारे ते लालभडक ढीग आठवले, की घरातल्या सहा जरबेरांसाठी चाललेली ही धावपळ लेखकाला जरा लाजिरवाणी वाटते. शेतकऱ्यांनी त्या फटक्यातून सावरावं, तर बाजारात प्लास्टिकची फुलं. त्यांना पाणी नको, शीतगृह नको. बंदी घाला म्हणून फूलशेतकरी ओरडतात ते उगाच नाही.

गुच्छ टिकला. आठवडा उलटला तरी जरबेरांच्या माना ताठ होत्या. लेखकानं फुलदाणी मुद्दाम दारासमोर, पाहुण्याची नजर चुकूच शकणार नाही अशी ठेवली होती. मग वरच्या मजल्यावरचे काका मेंटेनन्सची पावती द्यायला आले. थबकले. एक पाकळी चिमटीत धरून नखानं दाबून पाहिली.

“छान आहेत हो. धुता येतात का?”

“खरी आहेत, काका. सत्काराची.”

“अरे वा! कोणाचा होता?”