चालू आठवड्याचा विषय

कॅमेरा विकत घेतल्याने माणूस फारसा बदलत नाही. कितीतरी घरांत असे कॅमेरे कपाटाच्या वरच्या कप्प्यात, सिलिकाच्या पुड्यांसकट सुखाने पडून असतात. माणूस बदलतो तो क्लास लावल्यावर. त्यातून क्लास रविवारचा असेल, दर आठवड्याला गृहपाठ असेल आणि विद्यार्थी बँकेतून निवृत्त झालेला असेल, तर तो एकटाच बदलत नाही. सगळी विंग बदलते.

पुण्यात सोसायटीगणिक असा एक विद्यार्थी सापडतो. आमच्या वाट्याला आलेले काका ६२ वर्षांचे आहेत. उभी नोकरी त्यांनी दुसऱ्यांच्या कर्जाच्या अर्जांवर शेरे मारण्यात घालवली. आता त्यांच्या फोटोंवर शेरे मारायला केसांची शेंडी बांधलेला एक पंचविशीतला मुलगा आहे आणि काका त्याला ‘सर’ म्हणतात. गृहपाठ शनिवारी रात्री बाराच्या आत पाठवायचा असतो. काका तो पावणेबाराला पाठवतात आणि मोबाइलवरच्या खुणा निळ्या होईपर्यंत झोपत नाहीत. काकू म्हणतात, “मुलाच्या दहावीला हे नऊ वाजता घोरत होते.”

या विद्यार्थ्याला जग दिसत नाही, चालू आठवड्याचा विषय दिसतो, हे एकदा लक्षात घेतले की त्याच्या वागण्याचा उलगडा होतो. ‘सावल्या’ हा विषय असताना काका आमच्याशी बोलताना आमच्या पायांशी बघत. ‘पोत’ असताना त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या हाताला इतका वेळ भिंग लावले होते, की आजोबांना वाटले काहीतरी निघाले. ‘लाल रंग’ होता त्या आठवड्यात गॅसचा सिलिंडर आला. पोऱ्या तो खांद्यावर तसाच धरून जिना दोनदा चढला. दुसऱ्यांदा का, हे त्याला अजून कळलेले नाही.

पहिल्या आठवड्यात काकांनी ऑटो मोड सोडला. “मी ऑटो सोडला,” हे त्यांनी तंबाखू सोडल्याच्या सुरात सांगितले आणि आम्हीही त्याच सुरात अभिनंदन केले. दुसऱ्या आठवड्यात अ‍ॅपर्चर आले. एफचा आकडा लहान तितके लेन्सचे तोंड मोठे, हा उलटा हिशेब भल्याभल्यांना महिनाभर छळतो; काकांना तो बँकेतल्या अनुभवामुळे चटकन पटला. लगेच ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची लेन्स आली. एवढ्या उघड्या तोंडाने जवळून फोटो काढला की स्पष्टतेचा पट्टा बोटभरही राहत नाही. काकूंचा उजवा डोळा लख्ख, डावा अंधुक आणि कान नाहीतच, असा फोटो तयार झाला. “मागचं सगळं कसं विरघळलंय बघ,” काका म्हणाले. “मागे मी सकाळपासून आवरलेलं घर होतं,” काकू म्हणाल्या.

शटर स्पीडच्या आठवड्यात विषय घराबाहेर गेला. पॅनिंग नावाचे एक तंत्र आहे. शटर साधारण एक तीसांश सेकंदावर ठेवायचे, समोरून जाणाऱ्या वाहनाबरोबर कमरेतून वळत कॅमेरा फिरवायचा आणि मध्येच बटण दाबायचे. जमले तर वाहन स्पष्ट येते आणि मागची दुकाने रेघारेघांची होतात. म्हणजे वेग दिसतो. काका रिक्षा निवडून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. रिक्षा दिसली की डावा हात लेन्सखाली जायचा, कोपर बाहेर यायचे आणि अंग वळायचे. लांबून हे हात केल्यासारखे दिसत असावे, कारण रिक्षा थांबू लागल्या. ज्या चौकात काकांनी आजवर पावसात, सामान घेऊन, काकूंना कंबरदुखी असताना हात केले आणि एकही रिक्षा थांबली नाही, त्याच चौकात त्या दिवशी ओळीने रिक्षा थांबल्या. थांबलेल्या रिक्षेचे पॅनिंग होत नाही. एकाने तर “मीटरनेच येतो, बसा” असेही सांगितले. हा प्रसंग पुण्यात घडला असे सांगितले तर कोणी विश्वास ठेवत नाही आणि फोटो तर हललेला आहे.

शेवटी पार्किंगमध्ये नातवाला सायकलवर बसवून गृहपाठ पुरा झाला. नातू सात वर्षांचा आहे. आजोबा आपल्याशी खेळत आहेत या समजुतीने त्याने सुरुवातीच्या फेऱ्या आनंदाने मारल्या. नंतर त्याने मोबदला ठरवला आणि तोही आधी घेतला.

या सगळ्यात मला मनापासून आवडला तो मीटरिंगचा आठवडा. कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाची एक ठाम समजूत असते: समोर काहीही असो, ते सरासरीने मध्यम राखाडी आहे. छायाचित्रकार त्याला १८ टक्के करडा म्हणतात. त्यामुळे पांढरे दिसले की हे यंत्र त्याला काळवंडून करड्यावर आणते आणि काळे दिसले की उजळवून करड्यावर आणते. (अशी माणसे आपल्याला कचेऱ्यांत भेटतात, पण तो विषय वेगळा.) इलाज उलटा आहे. पांढऱ्यासाठी एक्स्पोजर वाढवायचे आणि काळ्यासाठी घटवायचे. सरांनी सांगितले, पांढऱ्यावर पांढरे म्हणून पांढऱ्या कागदावर अंडे ठेवा. काकांच्या घरात अंडे उंबऱ्याच्या आत येत नाही. म्हणून काकूंकडून इडल्या करवून घेतल्या आणि त्या पांढऱ्या ताटात ठेवल्या. फोटोत इडल्या सिमेंटच्या आल्या.

काकूंनी तो फोटो पाहिला आणि त्या पहिल्यांदाच खऱ्या चिडल्या. “हे क्लासभर दाखवणार? माझ्या इडल्या?” काकांनी अधिक एक केले, अधिक दीड केले आणि अधिक दोनला इडल्या पांढऱ्या झाल्या. तोवर त्या गारही झाल्या होत्या, पण त्या घरात हल्ली काहीच गरम खाल्ले जात नाही. दुसऱ्या दिवशी काळ्यावर काळे. त्यासाठी काका सकाळी गोठ्यावर गेले आणि एक म्हैस भिंतीच्या सावलीत उभी करून घेतली. पहिल्या फोटोत ती राखाडी आली. मालकाने पडद्यावर डोकावून पाहिले आणि गंभीरपणे विचारले, “साहेब, हिला काही झालंय का?” उणे दीडला म्हैस बरी झाली.

त्यानंतर काही दिवस काका लोकांकडे बघून पुटपुटत असत. लग्नात नवरीकडे पाहून “अधिक एक,” वकिलाच्या कोटाकडे पाहून “उणे एक.” ज्यांना संदर्भ माहीत नव्हता ते काकूंना बाजूला घेऊन तब्येत विचारत.

इतिहासही अभ्यासक्रमात आहे आणि तो आम्हाला लिफ्टमध्ये मिळतो. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. पुढे नावाजलेले हरिश्चंद्र चिंतामण त्याच वर्गातले. म्हणजे आपल्याकडे हा क्लास लावायची परंपरा सत्तावनच्या आधीची आहे, असे काका तळमजला ते चौथ्या मजल्यादरम्यान सांगतात. त्या काळात काचेवर ओले रसायन पसरायचे आणि ते वाळायच्या आत फोटो काढून धुवायचा. अंधारखोली बरोबर वागवावी लागे आणि समोरच्याला काही सेकंद न हलता बसावे लागे. “काही सेकंदच?” असे काकूंनी विचारले तेव्हा लिफ्ट थांबली होती.

दादासाहेब फाळके यांच्याबद्दल समजले तो आठवडा मात्र ओट्यावर आला. फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, कुंडीत लावलेला वाटाणा कसा उगवतो याचे थोडे थोडे चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला होता. आजच्या भाषेत टाइमलॅप्स. काकांनी त्यासाठी मटकी घेतली. दहा मिनिटांना एक फोटो, दिवसाला १४४, आणि सेकंदाला २४ या वेगाने दाखवले तर त्याचे सहा सेकंद होतात. सहा सेकंदांसाठी ट्रायपॉड दिवसरात्र ओट्यावर. प्रकाश बदलू नये म्हणून खिडकीला चादर आणि दिवा कायम चालू. धूर नको म्हणून फोडणी बंद. काकूंनी दोन दिवस ताकभातावर काढले. मोड अर्ध्या बोटाएवढे झाल्यावर, काका आंघोळीला गेलेले असताना, त्यांनी उसळ केली. कॅमेरा आपला फोटो काढतच होता. त्यामुळे हा लघुपट वेलीपर्यंत न जाता फोडणीपर्यंत जातो, आणि माझ्या मते त्याने तो वाचला आहे.

रस्त्यावरच्या फोटोग्राफीसाठी काका महात्मा फुले मंडईत गेले. मंडईत फुकट फोटो मिळत नाही. “भाजी घेणार का नुसतं बघणार?” हा प्रश्न तिथे कॅमेऱ्याच्या आधीपासून आहे. काका भिडस्त. सुरकुत्या चांगल्या असलेल्या एका आजींकडून मेथीच्या पाच जुड्या घेतल्या, उन्हाची तिरीप पडलेल्या गाळ्यावरून दोन किलो दुधी आणि एका माणसाच्या मिशा अप्रतिम होत्या म्हणून त्याच्याकडचे सुरण. सरांचा शेरा आला: ‘फ्रेम ठीक. कथा दिसत नाही.’ त्या आठवड्यात काका कथा शोधत होते आणि काकू मेथी निवडत होत्या.

खरे सांगायचे तर त्या थप्पीत एक फोटो फार चांगला होता. मेथीवाल्या आजी सुटे पैसे मोजत आहेत, ओठ आकड्यांसाठी किंचित हललेले आहेत आणि शेजारच्या गाळ्यावरचा पोरगा त्यांच्याकडे आदराने बघतो आहे. काका तेव्हा मेथी पिशवीत भरत होते आणि कॅमेरा गळ्यात लोंबकळत असताना बटण दाबले गेले. फोटो जरा तिरका आहे. त्यात कुठलेही तंत्र नसल्यामुळे तो गृहपाठात पाठवला गेला नाही. मी दोनदा सुचवून पाहिले. “त्यात थर्ड्स कुठे आहेत?” असे मला विचारण्यात आले. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करायचे आणि मुख्य वस्तू मधोमध न ठेवता त्या रेघांवर ठेवायची, असा तो नियम आहे. तो शिकल्यापासून काकांनी मधोमध कोणालाही ठेवलेले नाही, गणपतीलासुद्धा नाही.

गंमत अशी की याच काकांकडे १९८०च्या सुमारास आगफा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो; ऊन की ढग एवढेच ठरवायचे. माणसांना सूर्याकडे तोंड करून ओळीत उभे करायचे, “हलू नका” म्हणायचे आणि दाबायचे. त्या घरातल्या अल्बममध्ये सगळ्यांचे डोळे बारीक झालेले आहेत, पण सगळे आहेत. कोण कोणाची आत्या हे अजून ओळखता येते.

हे आठवायचे कारण काकूंच्या आईंचे सहस्रचंद्रदर्शन. नागपूरपासून बेळगावपर्यंतचे नातेवाईक जमले होते. फोटो काका काढणार हे ठरलेलेच होते. बाहेरचा माणूस बोलावणे म्हणजे त्यांचा अपमान होता. नेमका त्या आठवड्याचा विषय ‘उपलब्ध प्रकाशात भावना’ असा होता. फ्लॅश वर्ज्य. काकांनी आजींना खिडकीशी बसवले, गालावर प्रकाशाचा त्रिकोण पडेपर्यंत मान वळवायला लावली आणि बाकीच्यांना सांगितले, “कोणीही कॅमेऱ्याकडे बघू नका.” पैठण्या नेसून, गजरे माळून, गाडीभाडे खर्चून आलेली पन्नासेक माणसे निमूटपणे भिंतीकडे बघत राहिली.

फोटो देखणे आले, यात वाद नाही. औक्षणाच्या दिव्यांची मागे झालेली गोल गोल सोनेरी वर्तुळे आणि पुढे आजींचे जोडलेले हात, शिरान् शीर स्पष्ट. सरांनी पहिल्यांदाच ‘क्लास!’ असा शेरा दिला. काकांनी तो आम्हाला जिन्यात थांबवून वाचून दाखवला आणि त्यांचा आवाज थोडा कापत होता. या वयात, पेन्शन सुरू असताना, कोणाच्या तरी एका शब्दासाठी आठवडाभर धडपडणारा माणूस मला आवडतो, हे इथे नोंदवून ठेवतो.

आजींनी मात्र सगळे फोटो चष्मा पुसून दोनदा पाहिले आणि जावयाला विचारले, “हात माझेच आहेत. मी कुठे आहे?”

आजी ज्यात आहेत तो फोटो केटररच्या पोराने मोबाइलवर काढला होता. मधोमध आजी, आजूबाजूला सगळे, काहींचे डोळे मिटलेले, कोपऱ्यात बासुंदीचे पातेले. काकूंनी त्याच फोटोला चौकट करून तो दिवाणखान्यात लावला. त्यात काकाही आहेत. ते कॅमेऱ्याकडे न बघता खिडकीतला प्रकाश बघत आहेत.

बारा आठवड्यांचा पहिला कोर्स संपला असून काकांनी पुढचा लावला आहे. तो पूर्णपणे व्यक्तिचित्रांचा आहे आणि दर आठवड्याला नवा चेहरा लागतो. आमच्या विंगमधली माणसे संपली आहेत. तरी इच्छुकांनी रविवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी साडेसातला, उन्हे वर यायच्या आत, गच्चीवर यावे. चहा फोटो झाल्यावर मिळतो. तो गार असतो.