दोन कंसांची भीक

दोन कंस हवे होते. एक उघडणारा, एक मिटणारा. घोटीतल्या एका पोराने पायथनमध्ये आयुष्यातली पहिली ओळ लिहिली: प्रिंट, आणि पुढे अवतरणचिन्हांत स्वतःचं नाव. पडद्यावर लाल अक्षरं उमटली. पोराने मोबाइलवर ट्यूबलाइटच्या चकाकीसकट फोटो काढला आणि मदतीच्या ग्रुपवर टाकला. 'सर, एरर येतोय. प्लीज हेल्प. अर्जंट.'

पहिले सर म्हणाले, फोटो टाकू नये, कोड टाकावा (नियम 4). दुसरे म्हणाले, अर्जंट लिहू नये (नियम 7). तिसऱ्यांनी विचारलं, आधी काय काय करून पाहिलंत? चौथे म्हणाले, पायथन कशाला, रस्ट शिका (माझं वैयक्तिक मत). पाचव्यांनी 'हा प्रश्न आधीच विचारला गेला आहे' (दुवा पाहा) असं सांगून विषयाला कुलूप घातलं. सरांच्या उत्तरांत कंसच कंस होते. पोराच्या ओळीत घालायला मात्र एकाकडेही एक जोडी शिल्लक नव्हती.

आमच्याकडे पावसाळा लागला की शनिवारी सकाळी मुंबईच्या गाड्या कसारा घाट चढून घोटीत थांबतात. काच खाली होते. 'भंडारदरा कुठून?' टपरीवाला चहा गाळता गाळता हात करतो. वर्षानुवर्षं तोच प्रश्न, तोच हात. आता ही टपरी या सरांच्या ताब्यात देऊन बघा. काच खाली होताच सर विचारतील, आधी कुठे कुठे वळून पाहिलंत? गाडीवाला म्हणेल, इगतपुरीला वळलो होतो. सर म्हणतील, त्याचा इथे संबंध नाही, किमान शब्दांत मांडा. दुसरे सर म्हणतील, भंडारदऱ्यालाच का? हल्ली कोण जातं तिकडे, माळशेजला जा. तिसरे टपरीवरची वही उघडून दाखवतील की 2011 साली पांढऱ्या गाडीतल्या एका इसमाने हेच विचारलं होतं आणि 'वडापाशी वळा' असं उत्तर मिळालेलं आहे. वड? तो रुंदीकरणात गेला. पण उत्तर मान्य झालेलं आहे, त्यावर हिरवी खूण आहे, ते आता बदलता येत नाही. तोवर मागे थेट घाटापर्यंत रांग लागलेली असेल आणि चौथे सर रांगेतल्या प्रत्येकाला खिडकीतून नियमावलीचा कागद देत असतील. शेवटी गाडीवाला कंटाळून 'सापडलं, धन्यवाद' म्हणेल आणि कुठून ते न सांगता निघून जाईल. त्या माणसाचा तर मला वेगळा राग आहे.

गंमत अशी की प्रिंटपुढे कंस राहिलेत हे ती लाल अक्षरंच सांगत होती. एवढं इंग्रजी पोराला उलगडलं नाही. ज्यांना उलगडलं, ते शिस्त लावत बसले.

बरं, कंस राहिले का? तर क्लासने दिलेल्या स्पायरल बाइंडिंगच्या झेरॉक्स नोट्समध्येच ते नव्हते. पोराने बरहुकूम उतरवून घेतलं. 2008 सालच्या डिसेंबरात आलेल्या पायथन 3 ने प्रिंटला कंस सक्तीचे केले. 1 जानेवारी 2020 पासून पायथन 2 ची देखभाल अधिकृतपणे थांबली. नोट्सना याची खबर नाही. फीला मात्र आहे, ती दर जूनला वाढते. बाप भात विकून फी भरतो आणि पोराच्या हातात मेलेल्या आवृत्तीची झेरॉक्स पडते. यावर ग्रुपवर एकाही नियमाने तोंड उघडलं नाही. फोटोतल्या ट्यूबलाइटवर चर्चा झाली. शेजारी उघडी पडलेली ती नोट्सची वही फोटोत स्वच्छ दिसत होती, पण 'हे तुला कोणी शिकवलं रे?' असं पाचांपैकी कोणालाही विचारावंसं वाटलं नाही.

कसं वाटेल? पाचव्या सरांच्या उत्तराखाली सही होती आणि सहीखाली जाहिरात: 'पायथनची नवी बॅच सोमवारपासून. छापील नोट्स व शंकानिरसन मोफत.'