निळा माइक

"वंदना, कढीपत्ता राहू दे, आधी इकडे ये. विहीणबाईंनी मला ब्लॉक केलंय बहुतेक."

"काय सांगता काकू!"

"परवा व्हॉट्सअॅपवर लिहिलं, डोहाळजेवणाची तारीख ठरवू म्हणून. अजून एकच टिक. बाईंची टीका मात्र लगेच पोचते हो माझ्यापर्यंत!"

"अहो, एक टिक म्हणजे मेसेज तुमच्याकडून निघाला, त्यांच्या फोनवर पोचला नाही. फोन बंद असेल, रेंज नसेल. नुसतं घड्याळ दिसलं, तर तो अजून तुमच्याच फोनात अडकलाय. ब्लॉक केल्यावरही एकच टिक राहते म्हणा, पण तेवढ्यावरून काही कळत नाही. त्या आंगणेवाडीच्या जत्रेला गेल्यात ना? त्या गर्दीत कुठली आलीय रेंज!"

"अगं बाई, खरंच की. मी उगाच रात्रभर तळमळले. आणि भिशीच्या ग्रुपवर माझ्या दोन टिका आहेत, त्या निळ्या का होत नाहीत?"

"बाराच्या बारा जणींनी वाचल्याशिवाय नाही व्हायच्या. मेसेज दाबून धरा आणि 'इन्फो' बघा. कुणी वाचला, किती वाजता, सगळं येतं."

"हे तर आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्यापेक्षा चहाडखोर निघालं!"

"या निळ्या टिका 2014 च्या नोव्हेंबरात आल्या. आमचं नवं लग्न. ह्यांनी वाचून उत्तर दिलं नाही की माझा अबोला! लोकांनी एवढी ओरड केली की बंद करायची सोय द्यावी लागली. मी तर कधीच्याच बंद केल्यात. आपण वाचलेलं कुणाला कळत नाही. दुसऱ्यानं वाचलेलं आपल्यालाही कळत नाही, तेवढं सोसायचं. ग्रुपवर मात्र ही युक्ती चालत नाही."

"अस्सं." काकूंनी चष्मा पदराला पुसला. "म्हणजे मंगळवारी मी पुरणयंत्राचं लिहिलं, ते तू वाचलंच नसशील."

"पुरणयंत्राचं? नाही हो. घरात इतकी गडबड होती..."

"तेच म्हटलं मी. म्हणून काल बोलून पाठवलं. त्याच्याशेजारचा तो माइक निळा झालाय, तो कशानं गं?"

मी कढीपत्त्याची आणखी एक डहाळी मोडली. आधीच्या तीन पुरेशा होत्या.

"ते... ऐकलं की होतो. टिका बंद असल्या तरी."

"नातू हेच म्हणाला. म्हटलं, तुझ्याकडून खात्री करून घ्यावी. होळी पंधरा दिवसांवर आली, आणि मागच्या होळीला नेलेलं यंत्र..."

"आत्ता आणते, काकू. फक्त त्याची एक जाळी सापडत नाहीये."

"बारीक की मोठी?"